नाताळबायची पाटी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, कारण भाटवडमध्ये दोन घरांत विचारलंत तर तीन उत्तरं मिळतील. खाडीच्या काठाला भाटवड गाव होतं, अजूनही आहे. गावात देऊळ होतं, म्हणजे चर्च. आमची जुनी माणसं देऊळच म्हणतात. देवळामागे गोड्या पाण्याची विहीर होती, विहिरीपुढे भातशेती होती, शेतीपुढे मातीचा बांध होता आणि बांधापलीकडे खारं पाणी. मधे बांध होता म्हणून गाव होतं.

त्या गावात एक बाई सून म्हणून आली. जन्मली ख्रिस्तजन्माच्या सणाला, म्हणून आईबापांनी नाव ठेवलं नाताळ. नाव असं गोडाधोडाचं, पण जीभ मिरचीची. तिच्या दारावरून जाताना चांगले धट्टेकट्टे पुरुषही चाल वाढवायचे, असं म्हणतात.

नाताळबायचं माहेर सायबेट. सायबेट शोधायला जाऊ नका, ते आता नाही. ती लहान असताना एका उधाणात तिथला बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि विहिरीतही शिरलं. शेती गेली तर माणूस मजुरी करतो, पण प्यायचं पाणी गेलं की करायचं काय? लोक डोक्यावर पाट्या घेऊन निघाले. मागे राहिलेलं देऊळ पुढे कधीतरी खचलं आणि त्याची घंटा खाडीच्या तळाला गेली. नाताळबाय तेव्हा बापाच्या मागून चालत होती. बाप एकदाही मागे वळून बघत नव्हता, हे तिला जन्मभर आठवत राहिलं. सून होऊन भाटवडला आली त्या दिवशी ती चूल बघायला गेली नाही. आधी बांध बघून आली.

आता बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. पावसाळ्यात ते उचलायचं म्हणजे शेतातलं पाणी खाडीत जातं, आणि एरवी बंद ठेवायचं म्हणजे खाडी आत येत नाही. एका वर्षी माघ संपता संपता नाताळबायने त्या दाराच्या फळीत बोट घातलं, तर बोट आरपार गेलं. फळी कुजली होती.

ती तशीच गावचे मोठे शेतकरी मिंगेल आबा यांच्याकडे गेली. सागाच्या फळ्या गावात फक्त त्यांच्याकडे होत्या.

"आबा, उघाडीला नवं दार लागंल."

"करू की गो बाय. पण आता कसं करणार? परवा राखेचा बुधवार."

इथे तुम्हाला भाटवडची रीत सांगायला हवी. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, की थेट पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणापर्यंत गावात कोणी लाकडात खिळा ठोकायचा नाही. आपल्या प्रभूला खिळ्यांनीच ठोकलं, तर त्याच्या दुःखाच्या दिवसांत हातोडीचा आवाज नको, असं जुनी माणसं सांगून गेली होती. खाटेचा पाय निघाला तर लोक जमिनीवर झोपायचे. रीत भक्तीची होती, वाईट नव्हती. पण कुजलेल्या फळीला रीत कळत नाही.

"पास्क झाला की पहिला खिळा उघाडीला," मिंगेल आबा म्हणाले. त्यांची शेतं बांधापासून सगळ्यांत लांब होती, हेही सांगून ठेवतो.

"आणि पास्काच्या आधी जी पुनव येते तिचं काय?" नाताळबाय म्हणाली. ती चुकत नव्हती. पास्काचा सण पुनवेला धरूनच येतो, त्यामुळे दुःखाचा सप्ताह आणि खाडीचं उधाण दरवर्षी हातात हात घालून येतात. पण आबांनी हात जोडले आणि विषय संपला.

दुसरी एखादी असती तर घरी जाऊन कपाळावर हात मारून बसली असती. नाताळबाय पाद्रीबाबांकडे गेली. पाद्रीबाबा म्हातारे होते आणि थोडं कमी ऐकायचे, त्यामुळे तिच्या आवाजाचा त्यांना त्रास होत नसे.

"पाद्रीबाबा, खिळा नको तर नको. मातीला तर रीत आडवी येत नाय? दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना झाली की प्रत्येकाने एक पाटी माती उघाडीपाशी टाकावी. दार गेलं तरी बुजवायला माती हाताशी राहील."

पाद्रीबाबा म्हणाले, "या वर्षी उपवासकाळात मी मासळी सोडायला सांगणार होतो. पण तुम्ही लोक मासळी सोडता आणि तिचीच गोष्ट काढत बसता. पाटी बरी."

आणि राखेच्या बुधवारी त्यांनी देवळात तसं जाहीर केलं.

पहिल्या शुक्रवारी अख्खं गाव आलं. क्रुसाच्या वाटेतल्या चौदाव्या, म्हणजे शेवटच्या, स्थानाची प्रार्थना झाली, आणि बायाबाप्ये पाट्या घेऊन बांधावर गेले. मोठी मजा आली. दुसऱ्या शुक्रवारी निम्मे आले. मग कोणाची कंबर धरली, कोणाकडे पाहुणे आले, कोणी म्हणालं आपण विडी सोडली आहे तेवढं पुरे. उपवासकाळ अर्ध्यावर आला तेव्हा बांधावर नाताळबाय एकटी होती.

ती थांबली नाही. तिने स्वतःची पाटी टाकली आणि मग जे आले नाहीत त्यांच्याही टाकायला लागली. आणि टाकताना मोठ्याने नाव घ्यायची. "ही बस्त्यावची पाटी!" "ही मिंगेल आबांची!" आवाज गावात स्पष्ट ऐकू यायचा. लोक दारं लावून घ्यायचे. एकदा कोणीतरी चिडून म्हणालं, "बाय, आमची नावं कशाला घेते?" तर म्हणाली, "तुमच्याच विहिरीचं पाणी पिते, म्हणून." तिच्या डोक्याला चुंबळीचा घट्टा पडला, टाचा फुटल्या, पण उघाडीच्या बाजूला मातीचा ढीग वाढत गेला.

मग दुःखाचा सप्ताह आला. झावळ्यांचा रविवार झाला. गुरुवारी गौरवगीत झाल्यावर बस्त्यावने घंटा बांधली. बस्त्याव देवळाची घंटा वाजवायचा, त्याचा बापही वाजवायचा. गुरुवारी घंटा बांधायची ती प्रभूच्या मरणाच्या शोकात शनिवारपर्यंत मुकी, सगळीकडे असंच असतं. मधल्या वेळात प्रार्थनेला बोलवायला लाकडी खटखट्या फिरतो, फळीवर आपटणारा. पण भाटवडमध्ये त्याच घंटेचं आणखी एक काम होतं. बांध फुटला तर ती सलग बडवायची, म्हणजे शेतात, घरात, असेल तिथून माणूस कुदळ घेऊन धावणार.

त्या वर्षी पुनव नेमकी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आली. त्यात वारा खाडीकडून. दुपारच्या भरतीला नाताळबाय उघाडीवर उभी होती आणि तिच्या डोळ्यांदेखत दाराची खालची फळी गेली. मग वरची गेली. खारं पाणी शेताकडे धावलं.

ती देवळाकडे पळाली. बस्त्याव घंटेखालीच बसला होता.

"बस्त्याव, घंटा सोड! उघाडी फुटली!"

तो उठला, गाठीला हात घातला आणि हात मागे घेतला. "आज? बाय, आज नाय होणार माझ्याच्यान. आज प्रभू मेलाय."

नाताळबायच्या जिभेवर खूप काही आलं असणार. पण भांडायला वेळ नव्हता. तिने कोपऱ्यातला खटखट्या उचलला आणि आळीआळीतून वाजवत धावली. "बांध! बांध!" ती ओरडत होती, पण वाऱ्याने शब्द उडून गेले आणि फळीची खटखट तेवढी पोचली. आणि लोक काय समजले? प्रार्थनेची वेळ झाली, आज लवकर बोलावलंय. सगळे काळे कपडे घालून, अनवाणी, मुकाट्याने देवळात आले आणि गुडघे टेकून बसले. एकाच्याही हातात कुदळ नव्हती, आणि बस्त्याव बाहेर घंटेखालीच गाठीकडे बघत बसून होता.

नाताळबाय दारात आली आणि तिने ती टेकलेली डोकी पाहिली. दम इतका लागला होता की तोंडातून शब्द फुटेना. तिकडे एकेक वाफा खारा होत होता. तिला बापाची पाठ आठवली, असं म्हणतात. ती रडली नाही. सरळ वेदीपर्यंत गेली, मिरवणुकीचा सागवानी क्रूस, जो चार गडी उचलत, तो तिने खांद्यावर घेतला आणि देवळाबाहेर पडली.

तिच्या शब्दामागून गाव कधी गेलं नव्हतं. पण क्रूस निघाला की त्याच्या मागून जायचं, हे त्यांच्या पायांना लहानपणापासून ठाऊक. सगळे उठले आणि मागे चालू लागले. पाद्रीबाबांनी पहिल्या स्थानाची प्रार्थना सुरू केली. वडापाशी मिरवणूक दरवर्षी उजवीकडे वळते, ती डावीकडे वळली. मागून कोणीतरी कुजबुजलं, "बाय वाट चुकली." आणि मग त्यांच्या अनवाणी पायांना पाणी लागलं. कोणीतरी वाकून ते चाखलं. खारट होतं.

प्रार्थना तिथेच तुटली. सगळे धावत उघाडीवर पोचले, तेव्हा पाणी बैलाच्या ताकदीने आत घुसत होतं. माती टाकावी तर वाहून जात होती. आधी काहीतरी आडवं हवं होतं. नाताळबायने क्रुसाकडे पाहिलं.

"क्रूस पाण्यात घालणार?" बस्त्याव ओरडला.

पाद्रीबाबांना त्या दिवशी सगळं ऐकू आलं. "घाला," ते म्हणाले. "माणसं वाचवायलाच तो आहे."

क्रूस उघाडीत आडवा गेला आणि त्याचे हात दोन्हीकडच्या दगडांत अडकले. नाताळबाय पाण्यात उतरली आणि क्रुसाला पाठ लावून बसली. पाणी तिच्या गळ्याशी आलं. तिच्या शेजारी बस्त्याव बसला, मग आणखी माणसं. मिंगेल आबा काठावर नुसते उभे होते, हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"आबा," नाताळबाय म्हणाली, "तुमच्या पाट्या त्या ढिगात आहेत. उचला."

आबांनी तिथे पडलेली तिची पाटी भरून उचलली. मग अख्ख्या गावाने तो ढीग उचलला, हातांनी, पदरांनी, टोप्यांनी. उपवासामुळे कोणाच्या पोटात सकाळपासून पेजेचा घोट नव्हता. एरवी भरती दुपार कलली की ओसरते. त्या दिवशी वारा तिला मागे फिरू देईना. ढीग संपत आला, आणि पाणी नाताळबायच्या हनुवटीला लागलं.

तेव्हा तीन वाजले. प्रभूने प्राण सोडला ती वेळ. आणि खाडीच्या तळातून, सायबेटाच्या दिशेकडून, घंटा वाजली. असं म्हणतात, ती बांधावरच्या प्रत्येकाने ऐकली. भाटवडची घंटा बांधलेली होती, पण पाण्याखालची ती घंटा कोणी बांधली नव्हती. नाताळबायने ती लगेच ओळखली. "माझ्या माहेरची," एवढंच ती म्हणाली. आणि वारा पडला आणि पाणी मागे फिरलं.

खालचे काही वाफे त्या वर्षी गेले. विहीर मात्र गोड राहिली. आणि पास्काच्या पहाटे, देवळात मिस्साची प्रार्थना होताच, मिंगेल आबांनी स्वतः फळ्या वाहून नेल्या आणि गावातला पहिला खिळा उघाडीला ठोकला. नाताळबाय पुढे खूप वर्षं जगली आणि तिची जीभ शेवटपर्यंत तशीच राहिली. तिच्यात एवढाच फरक पडला, की लोक आता तिला पाहून चाल वाढवत नसत, थांबून बोलणी खाऊन घेत.

तो क्रूस अजून देवळात आहे. त्यावर मिठाची पांढरी रेघ आहे. पुसली तरी पुढच्या उपवासकाळात पुन्हा येते, असं म्हणतात. बस्त्यावच्या घरचे लोक आजही गुरुवारी घंटा बांधतात, पण गाठ एका हिसक्यात सुटेल अशी मारतात आणि दोरीचं टोक हाताला येईल असं सोडतात. आणि खिळ्याची रीतही गाव पाळतं, फक्त उघाडी सोडून.

आता बांध सिमेंटचा आहे आणि उघाडीला लोखंडी दार आहे. ते बांधणाऱ्या साहेबांनी सांगितलं, की आता मातीची काही गरज नाही. लोकांनी मान हलवली, त्यांना चहा दिला, आणि पुढच्या शुक्रवारी पाट्या घेऊन आले. उपवासकाळात भाटवडमध्ये तू काय सोडलंस असं कोणी विचारत नाही. पाटी टाकलीस का, असं विचारतात. जो आजारी असेल, जो परदेशी असेल, ज्याला जमलं नसेल, त्याची पाटी शेजारी टाकतो आणि मोठ्याने त्याचं नाव घेतो.

उत्तम शुक्रवारी मिरवणूक वडापाशी डावीकडे वळते. सगळ्यांच्या पाट्या टाकून झाल्या की एक भरलेली पाटी मागे राहते. ती गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस उचलतो, चार हात त्याला धरतात. तो ती उघाडीपाशी ओततो आणि खाडीकडे तोंड करून, आवाज असेल नसेल तेवढ्याने ओरडतो, "ही नाताळबायची पाटी!"

मग सगळे घरी जातात आणि विहिरीचं पाणी पितात.