बुचाची मूठ

एका तलावाकाठी एकदा एक वृद्ध राहत असे. गळ टाकून मासे धरण्याची विद्या शिकायला त्याच्याकडे दूरदूरचे लोक येत आणि सगळे त्याला नाना म्हणत. हात थरथरू लागले तेव्हा नानांनी आपली शेवटची गळाची काठी एका शिष्याच्या हवाली केली. "वर्षभर वापर. नीट सांभाळलीस तर तुझी, नाहीतर परत घेईन," एवढंच ते म्हणाले.

काठीची मूठ बुचाची होती. नानांचा अंगठा वर्षानुवर्षं एकाच जागी टेकल्याने तिथे हलकासा खळगा पडला होता. शिष्य रोज ती मूठ ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवी. तरीही हाताचा घाम आणि माशांचा चिकटा बुचात मुरत गेला आणि वर्षअखेरीस मूठ काळपट दिसू लागली. ही काठी जन्मभर आपल्या हाती राहावी, याहून मोठी इच्छा त्या बिचाऱ्याला नव्हती. काठी नानांना दाखवायच्या दिवशी सकाळी तो पॉलिश पेपर घेऊन मूठ घासायला बसला. कोरं, उजळ बूच दिसू लागलं तसा त्याला हुरूप आला. अर्धी मूठ झाली, पेपर खळग्याच्या कडेवरून फिरला आणि शिष्याचा हात थबकला. तो तसाच उठला.

संध्याकाळी सगळे काठावर जमले. अर्धी उजळ, अर्धी काळी मूठ पाहून गळांचं दुकान चालवणारा एक व्यापारी हसला. "नाना, हे काय सोंग आणलंय यानं? द्या इकडे, नवी मूठ बसवून देतो." त्याचंही काही चुकलं नाही, तो त्याचा धंदाच होता.

नानांनी मुठीवरून बोटं फिरवली. "मध्येच का थांबलास?"

"तुमच्या अंगठ्याची जागा जायला लागली होती," शिष्य मान खाली घालून म्हणाला.

"आणि भुगा?"

शिष्याने खिशातून कागदाची पुडी काढली. "टाकवला नाही, नाना."

तेव्हा नानांनी ती ठिगळ लावल्यासारखी दिसणारी मूठ जमलेल्या प्रत्येकाच्या हाती दिली. शिष्य शरमेने अर्धमेला झाला. काठी फिरून परत आल्यावर नाना बोलू लागले.

"माझ्या बाकीच्या काठ्याही मी शिष्यांनाच दिल्या होत्या. प्रत्येकाने मूठ लखलखीत करून आणली आणि प्रत्येक मूठ झिजून बारीक झालेली होती. बूच मऊ असतं, घासाल तेवढं जातं. मळ काढायला कोमट पाणी, साबणाचा फेस आणि मऊ ब्रश पुरतो. एवढं मी कुणालाही शिकवीन. हात कुठे आवरायचा, ते मात्र मला आजवर कुणाला शिकवता आलं नाही. हा ते आपलं आपण शिकून आला. मला याचा फार अभिमान वाटतो, म्हणून ही मूठ सगळ्यांना दाखवली."

मग पुडीतला भुगा गोंदात कालवून नानांनी घासून मुठीवर उघडी पडलेली बुचाची बारीक छिद्रं बुजवली आणि काठी शिष्याच्या हाती ठेवली. त्याने खळग्यात अंगठा टेकला. जागा त्याला थोडी मोठी पडत होती.

नानांनी ते पाहिलं. "बसेल," ते म्हणाले, "वापरून वापरून."