गुंडाळून नेलेली सावली

एका राज्यात डोंगर इतके उंच होते की ढगांना त्यांच्याकडे वाट मागून पुढे जावं लागे. त्या डोंगरांत मध काढणारी माणसं राहत. त्यांच्या पाड्यांच्या मधोमध मोहाचं एक जुनं झाड होतं. झाड होतं, पान होतं, फूल होतं, पण त्याला सावली नव्हती. भर दुपारी बुंध्याला टेकून बसलं तरी ऊन थेट डोक्यावर पडे.

पूर्वी सावली होती. तीत बसलेल्या माणसाच्या तोंडून खोटं निघत नसे. कुणी कुणाचं काही मोडलं, चोरलं, कुणाचा जीव घेतला, की सारा डोंगर तिथे येऊन बसे. तिथे शिपाई नव्हता, फास नव्हता. सावली सरके तशी माणसं सरकत आणि सगळ्यांचं एकमत होईतो कुणी उठत नसे. चुली गार पडत, पोरं मांडीवर झोपी जात.

ही गोष्ट राजाच्या कानी गेली. त्याने जादूगार धाडला. जादूगाराने सावलीचं एक टोक धरलं, चटईसारखी ती गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि राजवाड्यात नेली.

दरबारात सावली अंथरली. प्रधान स्तुती करायला उठला आणि म्हणाला, "महाराज गातात तेव्हा मी कानात कापूस घालतो." सेनापती उठला आणि म्हणाला, "लढाई जिंकली तेव्हा मी तंबूत झोपलो होतो." राजाने सावली पुन्हा गुंडाळून तळघरात टाकायला लावली. त्या क्षणापासून राजाला जगात कुठेच सावली मिळेना. तो छपराखाली जाई, तर ऊन सात छपरं भेदून त्याच्या अंगावर येई.

आणि इकडे डोंगरात, ज्याच्या मरणाचा निवाडा झाला नाही असा मेलेला माणूस जाईना. तो आपल्या घराच्या उंबऱ्यावर येऊन बसे. राजाचे अंमलदार आले, त्यांनी काहींना फासावर दिलं, तर फासावर गेलेलेही आपापल्या उंबऱ्यावर येऊन बसले. लोकांनी मागच्या भिंतींना दारं पाडली आणि तिथून ये-जा सुरू केली.

अशाच एका घरात चैतू राहत होता. तो रांगत होता तेव्हा सावली गेली, त्यामुळे त्याने ती पाहिली नव्हती. शिकला नव्हता, रागीट होता, आधी हात उचलायचा आणि मग विचार करायचा. त्याला आईबाप नव्हते. होता तो थोरला भाऊ बुधा, आणि बुधाची बायको सकरी.

मध काढणाऱ्यांची एक रीत होती. कड्यावरून वेलींच्या दोराने खाली उतरणाऱ्याचा दोर वर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावाने. सख्ख्या भावाने नाही, मित्राने नाही. बहिणीचा संसार ज्याच्या मुठीत, तो मूठ उघडत नाही, असं म्हातारी माणसं सांगत. बुधाचा दोर सकरीचा भाऊ डोमा धरी.

एके दिवशी बुधा आग्यामोहोळाला उतरला, आणि डोमाची मूठ उघडली.

दहन झालं त्याच संध्याकाळी बुधा उंबऱ्यावर येऊन बसला. केसांत मधमाश्या होत्या, कोपरांवरून मध ओघळत होता. तो बोलत नव्हता, जेवत नव्हता.

चैतूने कोयता उचलला.

सकरीने त्याचा दंड धरला. "कुठे निघालास?"

"तुझ्या भावाकडे."

"जा. त्यालाही मार. मग तोही येईल, आणि माझ्या माहेरच्या उंबऱ्यावर बसेल. इकडे नवरा, तिकडे भाऊ. मी कुठल्या दारातून आत जायचं ते तेवढं सांगून जा."

चैतूने कोयता टाकला. मागच्या भिंतीला दार पाडायला तो पहार घेऊन निघाला, तर सकरीने पहारही काढून घेतली. ती रोज पुढच्याच दाराने, नवऱ्याच्या गुडघ्याला लुगडं न लागू देता, अंग चोरून जाई आणि येई.

मोहाच्या ढोलीत मोठ्या चोचीची एक धनेशीण राहत होती. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून ती आत अंडी उबवी, आणि लिंपणाच्या फटीतून तिने कित्येक पिढ्यांचे निवाडे ऐकले होते. चैतू झाडाला डोकं आपटत होता तेव्हा तिने चोच बाहेर काढली.

"झाडाने तुझं काय केलं?" तिने विचारलं.

"मला निवाडा पाहिजे."

"सावली आण. पण जोर लावून ती उचलता येत नाही. तिला उलटी साक्ष लागते. दुसऱ्याची बाजू तुझ्या तोंडून निघाली पाहिजे आणि त्याने 'हेच' म्हटलं पाहिजे. पहिला, जो तुझी वाट अडवील. दुसरा, ज्याने तुझं नेलं. तिसरा, ज्याने तुझं मोडलं."

"तिसऱ्याची बाजू मी बोलणार नाही."

"मग दोघांपर्यंत जा," धनेशीण म्हणाली आणि चोच आत घेतली.

चैतू डोंगर उतरला, नद्या ओलांडल्या, राजवाड्यात शिरला. राजाला ऊन बाधतं म्हणून सारा राजवाडा तळघरांकडे धावत होता, कुणी ओल्या चादरी नेत होतं, कुणी बर्फ. या पोराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तळघराच्या दाराशी मात्र एक नाग होता. खांबाएवढा जाड, डोळे दिव्यांसारखे.

"जाऊ दे मला," चैतू म्हणाला.

"माझी बाजू बोल," नाग म्हणाला.

"तू विषारी आहेस. आल्यागेल्याला मारतोस."

"ही तुझी बाजू झाली."

चैतूला त्याचं डोकं ठेचावंसं वाटलं. दगडही सापडला. पण नागाच्या पाठीकडे त्याची नजर गेली, तर तिथे जोड्यांच्या टाचांचे वळ होते, जुन्यावर नवे. दगड हातातच राहिला.

"मी नाग," तो अडखळत म्हणाला. "हे तळघर माझं नाही. हे दारही माझं नाही. मला इथे बसवताना कुणी विचारलं नाही. अंधारात येतात ते माझ्या अंगावर पाय देतात, आणि मला चावण्याखेरीज दुसरं काही बोलता येत नाही."

"हेच," नाग म्हणाला, आणि वेटोळं सोडून बाजूला झाला.

सर्वांत खालच्या तळघरात राजा बसला होता. वर सात छपरं असूनही त्याच्याभोवती दुपार होती. त्याच्या कातडीवर फोड आले होते, आणि मांडीवर ती गुंडाळलेली सावली होती, गार, काळी, मोहाच्या फुलांच्या वासाची. ती त्याला उलगडता येत नव्हती. जादूगारालाही आली नव्हती, म्हणून जादूगार कधीच पळाला होता.

"पोरा, तू हिच्यासाठी आलास," राजा म्हणाला.

"हो. ती आमची आहे."

"माझी बाजू बोल, आणि ने."

चैतूच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. उंबऱ्याउंबऱ्यावर बसलेली माणसं त्याला आठवली. मग त्याने राजाचे हात पाहिले. झोपेतही गाठोडं न सोडणाऱ्या पोरासारखे ते सावलीला बिलगले होते.

"मी राजा," चैतू म्हणाला. "सगळे मला वाकतात. पण जीव दुखला की माणसं माझ्याकडे येत नव्हती, झाडाखाली जात होती. मला वाटलं, सावली आणली की तीही येतील."

राजाने मान खाली घातली. "हेच," तो म्हणाला. त्याने सावली चैतूच्या खांद्यावर ठेवली. तिला वजन नव्हतं, तरी चैतू वाकून चालू लागला.

तो डोंगरावर परतला तेव्हा सारे पाडे मोहाभोवती जमले होते. त्याने बुंध्याशी सावली ठेवली आणि टोक ओढलं. ती दोन माणसं बसतील एवढीच उलगडली आणि थांबली. पुढे कुणालाच ओढवेना.

भुरी आजी, डोंगरातली सर्वांत म्हातारी, म्हणाली, "दोघांची जागा आहे. बसा दोघं."

डोमा पुढे आला. त्याच्या हातांना फडकी गुंडाळलेली होती. तो सावलीत बसला. चैतू उभाच राहिला.

"बस की रे," आजी म्हणाली. "राजापर्यंत गेलास, आता हातभर अंतर जाता येत नाही?"

चैतू बसला. गारवा त्याच्या हाडांत शिरला.

"मी डोमा," तो दात आवळून म्हणाला. "मला बुधाचा हेवा..." आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. हेवा नव्हता. त्याला ते ठाऊक होतं.

"मी डोमा. मला मधाचा लोभ..." जीभ पुन्हा चिकटली.

"फडकी सोड," तो डोमाला म्हणाला.

डोमाने फडकी सोडली. तळव्यांवर कातडं नव्हतं. दोराचे पीळ मांसात उमटले होते, आणि मनगटांपासून पापण्यांपर्यंत मधमाश्यांचे डंख काळे पडले होते.

"मी डोमा," तो हळूच म्हणाला. "मोहोळ उठलं. मी धरून ठेवलं. कातडी गेली तरी धरून ठेवलं. मग माश्या डोळ्यांवर आल्या, आणि मी भ्यालो. दोर हातातून सुटला नाही. मी सोडला."

"हेच," डोमा म्हणाला. सावली हातभर पसरली आणि पुन्हा थांबली.

आता चैतूची बाजू बोलायची पाळी डोमाची होती. त्याने चैतूकडे पाहिलं नाही, घराकडे पाहिलं. तिथून उंबरा दिसत होता.

"मी चैतू," तो म्हणाला. "मी निवाडा मागत फिरतोय, पण मला तो नको आहे. सकाळी डोळे उघडले की मी आधी उंबरा बघतो. दादा बोलत नाही, जेवत नाही, पण आहे. निवाडा झाला की तो उठून जाईल."

चैतूने दोन्ही मुठींत माती धरली. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि जीभ उचलेना. सगळा डोंगर वाट पाहत बसला. ऊन कलू लागलं.

"हेच," चैतू म्हणाला.

तेव्हा सावली पसरली. ती माणसांच्या पायांखालून गेली, म्हाताऱ्यांच्या मांड्यांवर चढली, पार शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचली. ज्यांनी ती पूर्वी पाहिली होती ते रडू लागले, आणि ज्यांनी पाहिली नव्हती त्यांनी तिला हात लावून पाहिलं.

मग सारे बोलले. कुणी म्हणालं, डोमाला डोंगराबाहेर काढा. कुणी म्हणालं, त्याने बुधाचं घर पोसावं. सावलीबरोबर माणसं सरकत राहिली. शेवटी सकरी उठली.

"माझ्या भावाने मूठ उघडली," ती म्हणाली, "तर ती त्याने मिटावी. आता चैतू उतरेल. दोर डोमा धरेल. चैतूचं लग्न झालं तरी डोमाच धरेल. दोघांचेही हातपाय लटपटतील, तर लटपटू देत."

एकेकाने मान हलवली. सर्वांत शेवटी चैतूने.

निवाडा मेलेल्याला जाऊन सांगायची रीत होती. चैतू उंबऱ्याशी गेला आणि भावासमोर उकिडवा बसला.

"दादा," तो म्हणाला, "डोमाच्या हातांना कातडं आलं की मी कड्यावरून उतरणार. दोर तोच धरतोय."

बुधाने मान वर केली. डोमाने तळवे पुढे केले. बुधाने ते निरखून पाहिले, जसा तो उतरण्याआधी दोर निरखायचा. मग तो उठला. केसांतल्या माश्या गुणगुणत वर गेल्या. अंगणातून जाताना त्याने चैतूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हाताला मधाचा वास होता.

चैतू त्याच्यामागे धावला. कुंपणापाशी सकरीने त्याला धरलं, आणि दोघं तिथेच उभे राहिले, बुधा झाडीत दिसेनासा होईतो, आणि नंतरही.

पुढे एकेका घराचा निवाडा झाला, एकेक उंबरा रिकामा झाला, लोकांनी मागची दारं लिंपून टाकली. राजाला त्याच्या बागेतल्या आंब्याखाली सावली मिळाली. तिथे तो दुपारभर झोपला, आणि डोंगरात अंमलदार धाडायचं विसरला.

डोमाच्या हातांना कातडं आलं. चैतूने कमरेला दोर बांधला, माश्यांना धूर द्यायला चूड पेटवली आणि कड्यावरून पाय खाली सोडला. वर डोमा हुंदके देत होता, खाली चैतू. मध्ये दोर ताठ होता.

कड्यावरून उतरलेली ही कथा आता तुमच्या दारी आली आहे, तिला आत घ्या.