वणकुद्रेसाहेबांचा ओला सदरा

"शेवंताबाईंनी बिल्डरला भिजवून उपाशीच हाकल..." एवढंच जिन्यात ऐकू आलं आणि दार लागलं. खरा प्रकार असा.

निवृत्त नर्स शेवंताबाईंनी फंडाची सगळी पुंजी घालून मिरजेत फ्लॅट घेतला. महिन्याभरात कळलं की हॉलच्या भिंतीत पाणी मुरतंय आणि बिल्डरने ते फुलाफुलांचा कागद चिकटवून झाकलंय. तक्रार केली, तर बिल्डर वणकुद्रेसाहेब म्हणाले, "ओल कसली? भिंत कोरडी ठणठणीत आहे. भास होतोय तुम्हाला, मावशी."

बाई भांडल्या नाहीत. वास्तुशांतीला त्यांनी साहेबांना मानाने बोलावलं आणि पंगतीत नेमकं त्याच भिंतीला टेकवून बसवलं. दुसरी जिलेबी पानात पडते न पडते तोच साहेब ओरडत उठले, "अहो, सदरा भिजला माझा! भिंत गळतेय ही!"

"भास असेल, साहेब," बाई वाढता वाढता म्हणाल्या. पंगत खो खो हसली. "आणि भास नसेल, तर ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामाचा दोष बिल्डरनेच फुकट दुरुस्त करायचा, असा कायदा आहे. साक्षीला ही चाळीस माणसं."

सोमवारी गवंडी हजर झाले.

भिजवलं हे खरं. उपाशी हाकललं मात्र साफ खोटं. साहेब सदरा पिळून पुन्हा बसले आणि आणखी चार जिलेब्या खाऊनच गेले.