बहीण-तळ्याचे पाहुणे

फार जुनी गोष्ट. तेव्हा मी आमच्या तळ्यातल्या पाणकोंबड्यांची पुढारीण होते, आणि सगळं मलाच कळतं असं मला वाटायचं. हिमालयापलीकडच्या हंसांचं तळं आणि आमचं तळं बहिणी-बहिणी झाली. पहिल्या भेटीत आमचं तळं पटलं तर हंस दर हिवाळ्यात येणार होते.

"तळं आरशासारखं दिसलं पाहिजे," मी सगळ्यांना दटावलं. आठ दिवस राबून आम्ही शेवाळ उपसलं, काठचं गवतही उपटलं.

हंस उतरले. त्यांच्या म्हातारीनं पाण्यात चोच घातली आणि रिकामीच वर काढली.

"बाई, खायला काय आहे?"

"आधी तळं किती चकाचक केलंय ते बघा की."

"बघितलं. आम्ही शेवाळ आणि गवत खातो. ते नसेल तर उद्या दुसरीकडे जातो."

माझी मान खाली गेली. "आम्हीपण तेच खातो," मी म्हणाले. "कालपासून सगळ्या उपाशी आहोत."

म्हातारी पोट धरून हसली. "कुठंच उरलं नाही?"

"म्हशी डुंबतात त्या कोपऱ्यात आहे. पण त्या चिखलात आम्हीही पाय ठेवत नाही, पाहुण्यांना न्यायची तर लाजच वाटते."

"लाज राहू दे. चल, दोघी जेवू."

तेव्हापासून हंस दरवर्षी थेट म्हशींच्या कोपऱ्यात उतरतात, आणि मला यायला उशीर झाला तर माझी जागा धरून ठेवतात.