पुड्यांत गेलेली पानं

सगुणाआक्का एसटी स्टँडवर शेंगदाणे विकायच्या. रद्दीतल्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीची पानं मागून फाडत त्यांनी पुड्या बांधल्या. पुढे एकेक अक्षर लावत स्वतःच वाचायला शिकल्या, तेव्हा पुस्तक डब्ल्यूपाशीच संपत होतं. उरलेले शब्द पाठ झाले, पण स्वतःच्या हातानं विकलेल्या पानांची हुरहूर काही जाईना.

वाचनालयात अख्खी डिक्शनरी होती, पण काचेच्या कपाटात, कुलपात. आक्कांनी ती मागितली, तसे अध्यक्ष रणदिवे सर हसले. "आक्का, शेंगदाणेवालीला कशाला ती? बरं, 'यर्निंग' म्हणजे काय सांगा, अन् किल्ली घ्या."

"तो शब्द पुडीत गेला, सर. तुम्हीच सांगा."

"एखाद्या गोष्टीसाठी जीव झुरणं!" सर ऐटीत म्हणाले.

"अर्थ बरोबर. पण डिक्शनरीत अर्थापुढे उदाहरण देतात ना? ते मी. नऊ वर्षं या काचेपाशी उभी आहे. उदाहरण बाहेर ठेवून डिक्शनरी पुरी कशी व्हायची? द्या किल्ली."

सरांनी किल्ली दिली. आक्कांनी शेवटचं पान उघडलं आणि कितीतरी वेळ वाचलंच नाही, नुसता हात फिरवत राहिल्या.