विसराळू दाढी आणि गंजका वस्तरा

एका राज्यात एका दाढीने मोठा अनर्थ केला, त्याची ही हकीकत. झालं असं, की राजा भद्रकेतूने दारी आलेल्या म्हाताऱ्या मांत्रिकाला ओळखलं नाही. अहो, दोघं लहानपणी एका गुरूकडे शिकलेले, एका ताटात जेवलेले! मांत्रिकाला राग आला. त्याने चिमूटभर राख फुंकली आणि तो चालता झाला. तेव्हापासून दर सूर्योदयाला राजाची दाढी वीतभर वाढायची, आणि दर वितीला राजा एक माणूस विसरायचा.

आधी सेनापती गेला, मग प्रधान. मग राजा स्वर्गवासी राणीच्या तसबिरीपुढे उभा राहून विचारू लागला, की या बाई कोण? कात्री लावावी तर ती मेणासारखी वाके. आता राजकन्या अनुमती तेवढी त्याला आठवत होती. उद्या नाहीतर परवा आपली पाळी, या विचाराने पोरीच्या घशाखाली घास उतरेना.

ती राजन्हावी गोंदाजीच्या घरी गेली. त्याच्या अंगणात तीनशे वर्षांची एक साळुंकी राहत असे. साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, तुमच्या मूळपुरुषाचा वस्तरा राजवाड्याच्या तळघरात आहे. ही दाढी त्याचंच ऐकेल. मात्र धार घराण्यातल्याच हाताने लागेल. कामं तीन. गंज काढ, तीन दगडांवर घास, चामड्यावर फिरव."

वस्तरा मिळाला, पण गंजून तो मुठीतून उघडेना. तेल पाजून पाजून उघडला. अनुमतीने तो उलटसुलट करून पाहिला. पाठ जाड, पोट खोलगट, धार पातळ. हे पोट असं का, असं तिने विचारलं, तेव्हा गोंदाजीचा चेहरा फुलला. चाळीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं! तो म्हणाला, पोट खोल म्हणून पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात.

तेलात कालवलेल्या राखेने तिने गंज उतरवला. खालून निळसर पोलाद निघालं. मग दगड. त्या घरचे दगड बोलायचे, त्यात नवल ते काय. पहिला खरखरीत दगड वस्तरा लागताच कुरकुर करी, दुसरा गुणगुणे. तिसरा अगदी गप्प झाला, की धार लागली असं समजायचं.

तिसऱ्याशी मात्र बाईसाहेबांची घाई नडली. दिवस कलत होता आणि दगड काही गप्प होईना. कापते ती धार, मग पाठ कशाला झिजवायची, असं म्हणून तिने पाठ उचलली आणि नुसती धार दाबून घासली. दगड किंचाळला. धारेला फणीसारखे दाते पडले. गोंदाजीने बोल लावला नाही. त्याने पहिला दगड पुन्हा तिच्यापुढे ठेवला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरा दगड गप्प झाला. चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे असा तिने वस्तरा साठ वेळा फिरवला, आणि मनगटावरची लव अलगद उतरली. पण मधे एक सूर्य उगवून गेला होता.

राजाने तिला पाहिलं आणि विचारलं, "तू कोण? तुझ्या हाती मी गळा का द्यावा?"

मुलगी म्हणून सांगावं तर तो पुरावा मागणार, आणि पुरावा तर त्याच्याच दाढीत. ती म्हणाली, "महाराज, मी धार लावणारी. कापलं तर शिक्षा करा."

राजाने मान वर केली. वस्तरा फिरला आणि वितीमागून वीत केस खाली पडले. राजाला सेनापती आठवला, प्रधान आठवला. मग राणी आठवली. तो हमसून रडू लागला, की ती गेली आणि मी तिला विसरूनही गेलो! अनुमतीने त्याची हनुवटी धरून ठेवली. तिच्याकडे त्याने अजून परक्यासारखंच पाहिलं. कसं ओळखणार? केस मुळातून वाढतो. राणी होती टोकाकडे. कालची विसरलेली लेक कातडीलगतच्या खुंटात होती.

तिने पुन्हा पाणी लावलं. गालावरून, हनुवटीवरून, मग गळ्याच्या नाजूक खळीतून वस्तरा आला. कुठे ओरखडाही उठला नाही. शेवटचा खुंट निघाला.

"अनू," राजा हलक्या आवाजात म्हणाला, "रडतेस कशाला गं? आधी तो वस्तरा बाजूला ठेव पाहू."

तिने वस्तरा मिटून सोबत आलेल्या गोंदाजीच्या हाती दिला. उरलेली मिशी त्याने नीट केली. दारी आलेला तो म्हातारा कोण, हेही आता राजाला आठवलं. त्याच संध्याकाळी तो स्वतः मांत्रिकाचं घर शोधत निघाला, अनवाणी, आणि दारात उभा राहून त्याने त्याला बालपणीच्या नावाने हाक मारली.