दोन मण लाडवांची तूट

दुकानात दोन मण डिंकाच्या लाडवांची तूट आली आणि चोर ठरला हरबा हलवाई!

आता लाडू कुणी खाल्ले हे अख्ख्या निंबगावला ठाऊक होतं. रोज सकाळी राजवाड्याचा हुजऱ्या चांदीचा डबा घेऊन दुकानात यायचा आणि म्हणायचा, "सरकारांच्या प्रकृतीसाठी!" डिंकाचे लाडू म्हणजे बाळंतिणीचं खाणं. पण मानाजीराजांना राज्य करून इतका थकवा यायचा, की गावातल्या सगळ्या बाळंतिणींना मिळून पुरतील एवढे लाडू त्यांना एकट्याला लागायचे. पैसे कसले द्यायचे? दुकानात निम्मं भांडवल राजांचं होतं. नफातोटा निम्मानिम्मा, असं शिक्क्यानिशी ठरलेलं. "आपल्याच दुकानातला लाडू खाल्ला, तर तो का कुणी लिहून ठेवतं?" असं राजे म्हणत आणि दुसरा लाडू उचलत.

वर्ष संपलं. नफा शून्य! राजे संतापले.

"हरबा, माल गेला कुठे?"

 हरबा नुसताच राजांपुढच्या चांदीच्या डब्याकडे बघत राहिला. राजांना ते बघणं कळलं आणि मुळीच आवडलं नाही.

"उद्या आमचा वाढदिवस. भर दरबारात हिशोब सांग. खोटं बोललास तर फटके. राजाने खाल्ले म्हणालास तर राजावर चोरीचा आळ घेतला म्हणून कोठडी. आणि हिशोब जुळला नाही तर चोर तू, दुकान आमचं!"

असा राजांचा न्याय. पळायला एकही वाट नाही!

घरी येऊन हरबाने डोक्याला हात लावला. त्याची लेक सगुणा चुलीपुढे डिंक तळत होती. दुकानाचा हिशोब तीच सांभाळायची. तेवढ्यात राजांचे कारभारी अंतोपंत दबक्या पावलांनी आले.

"हरबा, उगाच मरू नकोस. उंदरांनी खाल्ले असं लिही. मी सही करतो. माझ्या मेहनतीचं काय ते नंतर बघू."

"दोन मण लाडू खाणारे उंदीर?" सगुणा म्हणाली. "मग पंत, दुकानाला मांजर पुरायचं नाही, सरकारांचा हत्ती पाठवा!"

"पोरी, कागदावर कोण तपासतंय?"

"यंदा दोन मणांचे उंदीर लिहिले, तर पुढच्या साली चार मणांचे लिहावे लागतील. खोटी नोंद पोसायला लाडवांपेक्षा महाग पडते. आणि त्या बिचाऱ्या उंदरांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

पंत फणकारत निघून गेले. सगुणाला मात्र पुढचं स्पष्ट दिसत होतं. बाप कोठडीत आणि दुकान राजाचं! तिने कढईतला डिंक उतरवला आणि विचार करत बसली.

निंबगावची रीत अशी, की वाढदिवसाला राजाची गुळाने तुला करायची आणि तो गूळ रयतेला वाटायचा. सकाळी दरबारात भला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात राजे बसले, दुसऱ्यात गूळ चढू लागला. चोपदार ओरडला, "गेल्या साली महाराज दोन मण!"

दोन मण गूळ चढला. राजे जागचे हलेनात. आणखी ढेपा आल्या, तरी हलेनात! शेवटी बाजारातून गूळ मागवावा लागला, तेव्हा कुठे तीन मणांवर काटा सरळ झाला.

"वा! राज्याची भरभराट!" मानकरी ओरडले. त्यांना तेवढंच काम होतं.

राजे खूश होऊन पारड्यातूनच गरजले, "हरबा, बोल! माल कुठे गेला?"

 हरबाच्या आधी सगुणाच पुढे आली.

"महाराज, माल गेलेलाच नाही. शिल्लक आहे."

"कुठे?"

"तराजूच्या उजव्या पारड्यात."

उजव्या पारड्यात राजे होते. 

"म्हणजे आम्ही खाल्ला म्हणतेस?"

"छे! खाल्लेला माल संपतो, महाराज. हा तर जपून साठवलाय. गेल्या साली दोन मण, यंदा तीन. एक मण तर सगळ्यांदेखत मोजून मिळाला!"

"आणि दुसरा मण?" राजांनी डोळे वटारले.

"त्यासाठी राणीसाहेबांना तराजूत बसा म्हणावं लागेल. माझी नाही बाई छाती!"

"खबरदार!" पडद्याआडून राणीसाहेब कडाडल्या. तिथे घाईघाईने डब्याचं झाकण लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"तर दुसराही मिळाला," सगुणा शांतपणे म्हणाली. "म्हणजे तूट नाही आणि चोरही नाही. आता वाटणीचं बोलू."

"कसली वाटणी?"

"दुकान वेगळं, दुकानाचा मालक वेगळा. दुकानाचा माल मालकाकडे ठेवला म्हणून तो मालकाचा होत नाही, दुकानाचाच राहतो. आणि शिक्क्यानिशी ठरलंय, सगळं निम्मंनिम्मं. तेव्हा त्या पारड्यात बसलेल्या एका मणातला अर्धा मण आमच्या बाबांचा! किंमत द्या, नाहीतर आमचा माल आम्हाला उचलून नेऊ द्या."

राजांनी आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग हरबाकडे. हरबा घाबरून दोन पावलं मागे सरला, जणू आत्ताच उचलायला सांगतील! ते पाहून राजांना जे हसू फुटलं, ते काही आवरेना. ते हसले तशी शिल्लक हलली, शिल्लक हलली तसा तराजू हलला, आणि गुळाच्या ढेपा शेजारी उभ्या असलेल्या अंतोपंतांच्या पायावर पडल्या.

"पुरे, पुरे!" राजे डोळे पुसत म्हणाले. "दोन्ही मणांची किंमत खजिन्यातून घे. आणि आमचा वाटाही तुला बक्षीस! तुझ्याशी भागीदारी आम्हाला परवडायची नाही. आजपासून दुकान तुम्हा बापलेकीचंच."

सगुणाने वाकून मुजरा केला.

"पण मग," राजांनी हळूच विचारलं, "उद्या सकाळी आमच्या डब्याचं काय?"

"पाठवा की, महाराज. रोख पैसे देऊन पाठवा. आणि हुजऱ्याला सांगा, रांगेत उभा राहा. आधी बाळंतिणी!"